पोटातलं पाणी

पंचनदरावांच्या मोटारीत बसायचं तर आधी चंबूभर पाणी प्यावं लागे. तहान असो वा नसो. दोन घोट घेऊन कुणी चंबू खाली ठेवला तर ते तो उचलून परत त्याच्या हातात देत आणि म्हणत, "सगळें प्या. अर्धें पोट खोटी साक्ष देतें."

मग ते त्या माणसाला आपल्या हिरव्या, बुटक्या, दोन जागांच्या विलायती गाडीत बसवत, तंजावरच्या बाहेर नेत, ताशी पन्नास मैलांनी पळवत आणि परत आणून दारात उतरवत. बिचाऱ्यानं एक पाय जमिनीला टेकला न टेकला तोच विचारत, "हाललें का?"

"नाही."

"काय नाहीं?"

"पोटातलं पाणी. नाही हाललं."

एवढं ऐकलं की पंचनदराव गाडीच्या चाकावरच्या पत्र्यावर दोनदा थोपटत आणि घरात जात. खरं सांगायचं तर उतरणाऱ्याला पाणी हललं की नाही याची फिकीर नसे, ते ताबडतोब बाहेर कुठं सोडता येईल याची असे. आमच्या गल्लीतल्या दोन-तीन वजनदार माणसांना मी धोतर सावरत परसाकडे धावताना पाहिलंय. मी स्वतः किती वेळा धावलो ते विचारू नका.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. शाळेत गणित शिकवतो, म्हणून गल्ली मला 'वाद्यार' म्हणते. तमिळमध्ये मास्तरला तेच म्हणतात. मी मूळचा कुंभकोणमचा, या गल्लीत येऊन मला तेव्हा सातच वर्षं झाली होती. स्वभावानं मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं मी शूर वाटेन असं काही घडणार नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. राजे आले तेव्हा आमचे पूर्वज त्यांच्याबरोबर आले. पुढं राजे गेले, राज्य साहेबानं घेतलं, आणि आम्ही आपले इथंच राहिलो. बाजारात तमिळमध्ये भांडतो, कचेरीत इंग्रजीत अर्ज करतो, आणि घरात जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याकडची माणसं गालातल्या गालात हसतात. आम्ही 'बसा' म्हणत नाही, 'बैसा' म्हणतो. 'मला' म्हणत नाही, 'मज' म्हणतो. दोनअडीचशे वर्षांपूर्वी बांधून आणलेली शिदोरी आम्ही अजून पुरवून पुरवून खातोय. मी इथं लिहितोय ती मराठी पुण्याहून येणाऱ्या मासिकांतून उचललेली आहे. घरात असं बोललो तर बायको, आमची कमळा, विचारते, "कोण पाहुणा आला हो?" तर सांगायचं काय, आम्ही इकडे आल्यानंतर तिकडे भाषेत जे नवं शिजलं ते आमच्या पानात पडलंच नाही. पाण्याचा हा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

झालं असं की मोडी कागद बघायला पुण्याचे एक विद्वान गृहस्थ तंजावरला आले आणि माझ्याकडे उतरले. पंचनदरावांनी गाडी नुकतीच घेतली होती. एक दोरै, म्हणजे गोरा साहेब, कायमचा विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून. नवी गाडी आणि नवा पाहुणा, पंचनदरावांना राहवेना. त्यांनी त्या विद्वानांना गाडीत घातलं आणि ओरत्तनाडूच्या रस्त्यानं पाच मैल नेऊन आणलं. गृहस्थ परत आले तेव्हा त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता आणि पगडी डोक्यावर नव्हती, मांडीवर होती, आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. पण माणूस सभ्य. उतरता उतरता म्हणाले, "वा, सुरेख गाडी. पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनदराव माझ्या ओट्यावर हजर. "वाद्यार, एक पुसतों. काल तो पुणेकर गाडींत बैसण्याआधीं पाणी प्याला होता का?"

मी आठवून म्हटलं, "प्याले होते. कमळेनं दिलं होतं."

"किती?"

"चांगला चंबूभर. उन्हातून आले होते."

पंचनदरावांनी मांडीवर थाप मारली. "पाहा. परीक्षा करोनच बैसला. पोटांत पाणी घेऊन बैसायचें आणि तें हालतें का पाहायचें. पुण्याचे लोक शास्त्रीय हो, वाद्यार. आमच्याकडे कोणास सुचलें होतें?"

त्या वाक्याचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता. मी गुपचूप पाहुण्यांना विचारलं, तेव्हा ते हसून हसून आडवे झाले. म्हणाले, तिकडे ही नुसती बोलण्याची रीत आहे. सुखाचा प्रवास झाला की असं म्हणतात. दुसऱ्याचं दुःख बघूनही ज्याला काही वाटत नाही अशा माणसाबद्दलही म्हणतात, की याच्या पोटातलं पाणी हललं नाही. हे मी पंचनदरावांना सांगायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघितला आणि जीभ रेटेना. पुढची तीन वर्षं त्या दयाळूपणाची फळं मीच भोगली, कारण दुसरं कुणी सापडलं नाही की ते भिंतीवरून हाक मारत, "वाद्यार, पाणी प्या."

पंचनदराव दिसायला किरकोळ. पन्नाशीच्या आतबाहेरचे, कपाळाला गोपीचंदन, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि मोटार हाकताना कानांवरून उपरणं बांधलेलं. तिरुवैयारूकडे थोडी भातशेती, ती कुळं बघत. पणजोबा राजवाड्याच्या पागेवर होते असं ते सांगत, आणि तेवढ्यावरून वेग आपल्या रक्तात आहे असं मानत. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, ते आणि अंबुजाबाई.

गल्लीतली पोरं त्यांना 'ऐंबदुराव' म्हणत. ऐंबदु म्हणजे तमिळमध्ये पन्नास. गाडी दिसली की पोरं कडेला उभी राहून ओरडत, "ऐंबदु, ऐंबदु," आणि पंचनदराव हात वर करून सलामी स्वीकारत.

पण ते पन्नासनं जात ते वेगाच्या हौसेखातर नव्हे. वेगवेड्या माणसाला वारा हवा असतो, धूळ उडवायची असते, बैलगाडीवाल्याला घाबरवायचं असतं. पंचनदरावांना फक्त गाडी स्थिर हवी होती. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावत असे, "हळू हालतें, वाद्यार." आणि कुणी म्हटलं, की अहो, हळू गेलं तर माणूस सुरक्षित नाही का, तर त्यांचा आवाज एकदम चढे. "हळू जाणें हाच घात. सायकल पाहा. हळू चालवा, डगमगते. वेगें सोडा, सुतासारखी जाते. मोटारीचें तसेंच."

गणिताचा मास्तर म्हणून मी यात खोड काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. निघाली नाही. तुम्ही तो ओरत्तनाडूचा रस्ता बघितला असता तर तुम्हालाही पटलं असतं. तांबड्या मुरमाचा रस्ता. गाड्यांनी आणि बसांनी त्याला आडव्या लाटा पाडलेल्या, पापडाच्या लाटण्याला असतात तशा. वीस मैलांच्या वेगानं गेलं की चाक प्रत्येक लाटेत उतरे आणि चढे, आणि दात एकमेकांवर आपटत. तीसला दात थांबत आणि मान सुरू होई. पण काटा चाळिसाच्या पुढं गेला की काहीतरी चमत्कार घडे. चाकं लाटांच्या डोक्यांवरून जायला लागत, खाली उतरायला त्यांना वेळच उरत नसे. खडखडाट विरून नुसता एक घूं असा आवाज राही. आणि पन्नासला ती बुटकी गाडी रस्त्याला जी चिकटे ती चिकटेच. झाडं मागं पळत, पण आपण जागच्या जागी बसल्यासारखे. मी डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणत असे हे खरं, पण ती न अडखळता म्हणता येई हेही खरं.

तिरुवैयारूचे एक भागवतर, म्हणजे गवई, पंचनदरावांचे स्नेही होते. पोटापेक्षा गळा खरं सांगेल असं एकदा पंचनदरावांच्या मनात आलं आणि त्यांनी भागवतरांना गाडीत बसवून षड्ज लावायला सांगितला. पाणी पाजलंच, तो नियम गवयालाही चुकला नाही. मी मागच्या डिकीत. त्या गाडीला मागं एक झाकण होतं, ते उचललं की एका माणसाची शिक्षा भोगायची जागा होई, ती माझी. भागवतरांनी गावाबाहेर सा लावला. वीसच्या वेगात त्या सा-ला अशा काही लहरी आल्या की शेतात लावणी करणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघायला लागल्या. तीसला भागवतर स्वतःच चकित होऊन म्हणाले, "इतकीं गमकें तर गुरूंनींही शिकविलीं नाहींत." आणि पन्नासला सा असा लागला, स्वच्छ, अखंड, काडीइतकाही कंप नाही, की मी डोळे उघडले. पंचनदराव रडतात की काय असं वाटलं. अर्थात पुढं रस्त्यात म्हैस आली, ब्रेक लागला आणि तो सा एकदम वरच्या सा-ला जाऊन आदळला, पण तो दोष ते म्हशीचा मानत.

गाडी आणखी स्थिर व्हावी म्हणून ते सतत काहीतरी करत. तंजावरच्या त्या मातीच्या बाहुल्या तुम्हाला ठाऊक असतील, खाली जड बूड, कशीही पाडा, पुन्हा उभी राहते. तशी एक बाहुली त्यांनी गाडीत काट्यांच्या शेजारी बसवली होती. तिच्याकडे बोट दाखवून सांगत, "सगळें बुडांत आहे, वाद्यार. खालीं वजन ठेवा, कोणी पाडूं शकत नाहीं." आणि एके दिवशी त्यांनी घरातला डोशाचं पीठ वाटायचा दगड उचलून माझ्या पायांशी, डिकीच्या तळाशी ठेवला. सबंध दगड, वरच्या गुंडीसकट. मला वाटलं, आता अंबुजाबाई काहीतरी बोलतील. कुठल्याही बाईनं एवढ्यावरून माहेरचा रस्ता धरला असता. त्या काही बोलल्या नाहीत. भिजवलेले तांदूळ आणि उडीद घेऊन आमच्याकडे आल्या आणि तेव्हापासून आमच्याच दगडावर वाटू लागल्या.

अंबुजाबाई म्हणजे शांत बाई. त्या त्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. गाडीतच काय, बैलगाडीत नाही, घोड्याच्या जटक्यात नाही, बसमध्ये नाही. देवळात चालत जात, चालत येत. त्यांचं माहेर ओरत्तनाडूचं, पंधरा मैलांवर, आणि माहेरी त्या अठरा वर्षांत गेल्या नव्हत्या. दर दसऱ्याला त्यांची म्हातारी आईच बैलगाडीतून इकडे येई, आठ दिवस राही आणि जाई. दोन वर्षांपासून म्हातारीचे गुडघे गेले, तेव्हापासून तेही बंद. मायलेकी पंधरा मैलांच्या दोन टोकांना बसल्या होत्या, आणि मधून रोज हे गृहस्थ पन्नासच्या वेगानं जाऊन येत होते. आम्हाला हे विचित्र वाटे, पण विचारणार कोण?

आणखी एक होतं, ते सांगायचं राहिलं. गाडी सुरू केली की पंचनदराव आधी डावीकडचं दार उघडत, घराच्या बाजूचं. उघडून दाराला हात लावून उभे राहत. कोणी यायचं असो की नसो. अंबुजाबाई उंबऱ्याच्या आत, खांबाला टेकून. ते घराकडे बघत नसत, बाहुलीकडे बघत. शंभर अंक मोजावेत इतका वेळ तसेच उभे. मग दार लावत आणि भिंतीवरून मला हाक मारत. मला वाटायचं, उन्हानं तापलेली बैठक निवायला ठेवतात.

एका सकाळी ओरत्तनाडूहून अंबुजाबाईंच्या भावाचा निरोप आला. आई अंथरुणाला खिळली आहे, अन्न सुटलं आहे, अंबुजाचं नाव घेते. अंबुजाबाई स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. कमळा धावली. आणि पंचनदरावांनी काय करावं? उपरणं कानांना बांधलं, गाडी काढली आणि एकटेच भरधाव निघून गेले. दुपारपर्यंत पत्ता नाही. दोनदा परत आले, तेल घातलं, पुन्हा गेले. त्या दिवशी मला मनापासून राग आला. बायको आत रडतेय आणि हा मनुष्य पाणी हलतं का बघत फिरतोय. संध्याकाळी मी कमळेला म्हटलं, "पुण्याचे ते पाहुणे म्हणाले होते तेच खरं. या माणसाच्या पोटातलं पाणी खरंच हलत नाही."

कमळा भाताचं आधण ठेवत होती. ती वळली. "तुम्हांस ठाऊक नाहीं म्हणोन बोलतां," ती म्हणाली. "आज अंबुजाक्कांनीं मज सांगितलें. सातवा महिना होता. ओरत्तनाडूस माहेरीं ओटी भरोन परत येत होतीं दोघें. बैलगाडी. पंचनदरावांनींच गाडीवानास सांगितलें, हळू हांक, हळू हांक. सहा तास हळू. रस्ता हा असला. कालव्याच्या मोरीपाशीं चाक खड्ड्यांत गेलें." तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "मुलगा होता. त्यानंतर कांहीं झालें नाहीं. अक्का चाकाच्या कशांतही बैसल्या नाहींत."

मला माझी लाज वाटली. सात वर्षं शेजारी राहून, तीन वर्षं त्या माणसाचं पाणी पिऊन, मला एवढं कळू नये. हळू जाणें हाच घात, असं ते ओरडत तेव्हा मी गणितातली चूक शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो. पंचनदरावांनी डावीकडचं दार उघडलं, हात लावून उभे राहिले, बाहुलीकडे बघत. बराच वेळ गेला. त्यांनी दार लावायला घेतलं, आणि तेवढ्यात अंबुजाबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या. हिरवं नऊवारी लुगडं, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी, आईसाठी केलेलं. ओठ पुसत आल्या. पायऱ्या उतरल्या आणि एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसल्या.

पंचनदराव दार धरून तसेच उभे. चंबू नाही, पाणी नाही, 'सगळें प्या' नाही. मग त्यांनी दार इतक्या हलक्या हातानं लावलं की ते लागलंच नाही, पुन्हा लावावं लागलं. भिंतीपाशी येऊन ते मला हळूच म्हणाले, "वाद्यार, मागें बैसतां का?"

"मी कशाला आता?" मी म्हटलं. "तुम्ही दोघं जा."

"या हो," ते म्हणाले. "मज भय वाटतें."

मी शाळेत निरोप पाठवला आणि डिकीत, दगडाशेजारी जाऊन बसलो.

गाव संपलं, मुरमाचा रस्ता लागला. पंचनदराव दहाच्या वेगानं चालले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना दहानं जाताना बघत होतो. सायकलवाला पुढं गेला. एक बैलगाडी बरोबरीनं चालली होती आणि गाडीवान आमच्याकडे काळजीनं बघत होता. आणि गाडी अशी हलत होती म्हणून सांगू. दगड माझ्या पायावर नाचत होता. बाहुली गरागरा डोलत होती. अंबुजाबाईंनी एका हातानं दार धरलं होतं, दुसरा हात पोटावर होता. पंचनदराव हातातल्या चाकावर ओणवे होऊन रस्त्यातला एकेक खड्डा चुकवत होते, आणि एक चुकवला की दुसऱ्यात जात होते. तीन वर्षांत अख्ख्या तंजावरला जे शिकवलं ते स्वतःच विसरले होते. पुढं लांबवर कालव्याची झाडं दिसायला लागली, तसा वेग आणखी उतरला. सात. सहा.

"अहो," अंबुजाबाई म्हणाल्या.

गाडी जवळजवळ थांबलीच. "काय झालें? दुखतें का? उतरायचें का?"

"हळू कां?"

पंचनदरावांनी गाडी पुरतीच थांबवली.

"हळू हालतें म्हणोन सगळ्या गांवास सांगतां," अंबुजाबाई म्हणाल्या. "रोज ऐकतें मी आंतून. गांवास पन्नास, आणि मजच हळू कां?"

"तूं भिशील म्हणोन."

"मी भितेंच आहें. हळूस भितें." त्यांनी पदर डोक्यावरून घेऊन घट्ट खोचला. "करा पन्नास."

पंचनदरावांनी कानांवरचं उपरणं उगाच पुन्हा बांधलं. मग गाडी निघाली. वीसला माझे दात वाजले. तीसला मान गेली. मी सवयीनं डोळे मिटायला घेतले, पण त्या दिवशी मिटले नाहीत, मला अंबुजाबाईंचा हात दिसत होता. दारावरची बोटं पांढरी पडली होती. काटा चाळीसपाशी थरथरला, पुढं सरकला, आणि खडखडाट विरला. घूं. बाहुली डोलायची थांबली. गाडी रस्त्यावर बसली. दोन्ही बाजूंची भातशेतं हिरव्या पट्ट्यांसारखी मागं चालली होती आणि आम्ही तिघं, दगड आणि बाहुली जागच्या जागी. पन्नास. अंबुजाबाईंचा हात दारावरून सुटला आणि मांडीवर आला.

कालव्याची झाडं आली, त्यांची सावली अंगावरून गेली, पुन्हा ऊन आलं.

थोड्या वेळानं अंबुजाबाईंनी विचारलं, "मोरी कधीं यायची?"

"गेली," पंचनदराव म्हणाले. "मागें गेली."

त्या मागं वळल्या नाहीत. मी वळून बघितलं. लांबवर धूळ होती, बाकी काही दिसत नव्हतं.

ओरत्तनाडूला भावाच्या दारात गाडी थांबली. मी डिकीतून उतरलो, पंचनदराव उतरून पलीकडून आले आणि त्यांनी डावीकडचं दार उघडलं. त्यांनी काही विचारलं नाही. तीन वर्षं ज्याला त्याला विचारत होते, त्या दिवशी तोंड उघडेना. घरातून म्हातारीचा बारीक आवाज येत होता, "कोण आलें? कोण आलें?" अंबुजाबाई उतरल्या, पानाची पुरचुंडी सावरली, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता, दाराकडे बघत म्हणाल्या, "चंबूभर पिऊन आलें होतें. नाहीं हाललें." आणि आत गेल्या.

आतून मायलेकींचं रडणं ऐकू आलं. पंचनदराव गाडीच्या पत्र्यावर दोनदा थोपटणार म्हणून मी वाट बघत होतो. ते खाली वाकून चाक बघायला लागले. चाकाला काही झालं नव्हतं. पुष्कळ वेळ बघत बसले, मग चाकाकडे बघतच म्हणाले, "वाद्यार, थोडें पाणी आणतां का?"

इंजिन तापलं असणार म्हणून मी विहिरीवरून बादली भरून आणली आणि पुढचं झाकण उघडायला गेलो.

"तिज नको," ते म्हणाले. "मज."

मी आतून चंबू मागून आणला आणि भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, पण हात इतके हालत होते की पाणी चंबूतून कोटावर सांडायला लागलं. मी चंबूला खालून हात लावला, आणि त्यांनी उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन घेतलं.